अब्रूचा ऑल-इन

ऑनलाइन पोकर स्पर्धेत बेट किती लावावी यावर लोकांनी जाडजूड पुस्तकं लिहिली, सॉफ्टवेअरं बनवली आणि त्या सॉफ्टवेअरच्या उत्तरांवरून एकमेकांशी भांडूनही झालं. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका. बेट लावताना स्वतःला एकच विचारा: या माणसाने मघाशी आपलं नाक कापलं होतं का? कापलं असेल, तर आता हातात कोणते पत्ते आहेत हा प्रश्न अगदीच गौण.

सुरुवात हातात येणाऱ्या दोन पत्त्यांपासून (टेबलावर उघडणारे पाच पत्ते सगळ्यांचे सामाईक). राणी आणि तिर्री आली, पण दोन्ही बदामाची! झालं, खेळायचंच. दोन्ही पत्ते एकाच रंगाचे असले की जिंकण्याची शक्यता जेमतेम दोन-तीन टक्क्यांनी वाढते म्हणे. म्हणू द्या, त्यांना दृष्टी नाही. डीलर बटणावर बसलेल्याला सगळ्यांच्या चाली पाहून शेवटी बोलता येतं, म्हणून तिथे जास्त डाव खेळावेत असंही सांगतात. पण थांबून दुसऱ्याचं ऐकून घेण्याचा आपला स्वभाव मुळातच नाही, तेव्हा पहिल्याच जागेवरून रेझ करावं, म्हणजे बेट वाढवावी.

एक्क्यांची जोडी आली की मात्र रेझ करायचं नाही. गुपचूप ब्लाइंडएवढेच (डावाआधी दोघांना सक्तीने लावावे लागतात ते; त्यातला मोठा तो बिग ब्लाइंड) चिप्स टाकायचे आणि सगळ्यांना स्वस्तात आत घ्यायचं. याला सापळा म्हणतात. एकच प्रतिस्पर्धी असेल आणि त्याच्याकडे कसलेही पत्ते असतील, तर एक्के सुमारे 85 टक्के वेळा जिंकतात. असे पाच जण शेवटपर्यंत राहिले, तर तेच एक्के निम्म्याहून किंचित कमी वेळा जिंकतात. सापळ्यात कोण अडकलं ते रिव्हरला, म्हणजे टेबलावरचा पाचवा आणि शेवटचा पत्ता उघडला की कळतंच.

बेटच्या आकाराबद्दल प्रामाणिक राहा. पत्ते जोरदार असतील तर पॉटएवढी (मध्ये जमलेल्या चिप्सएवढी) बेट, बरे असतील तर अर्धा पॉट, आणि काहीच लागलं नसेल तर स्लायडर अगदी डावीकडे नेऊन लाजत-लाजत किमान बेट. समोरच्याला चार डावांत तुमची लिपी वाचता आली पाहिजे, नाहीतर तो गोंधळतो बिचारा. वेळेचंही तेच. ड्रॉ असेल (एखादा पत्ता यायचा बाकी असेल) तर क्षणात कॉल, म्हणजे समोरच्याएवढे चिप्स भरायचे; पक्के पत्ते असतील तर टाइम बँक, म्हणजे विचारासाठीचा राखीव वेळ, पूर्ण संपवून मग रेझ.

आता कॉलचं गणित. तुमच्याकडे नश्शी आणि अठ्ठी. टर्नपर्यंत, म्हणजे चौथ्या पत्त्यापर्यंत, टेबलावर दश्शी, छक्की, दुर्री, बादशहा. पॉटमध्ये 1000 चिप्स आहेत आणि समोरच्याने 500 लावले. रडके लोक इथे बोटं मोजायला बसतात: 500 भरले की पॉट होणार 2000, म्हणजे किमान 25 टक्के वेळा जिंकलो तरच कॉल परवडतो. सिक्वेन्स पुरा करायला सत्ती हवी. न दिसलेल्या 46 पत्त्यांत सत्त्या चार, म्हणजे नऊ टक्क्यांहूनही कमी. सत्ती आल्यावर समोरचा आणखी भरघोस चिप्स देणार असेल तर गोष्ट वेगळी, पण तेवढे चिप्स त्याच्या पुढ्यात उरलेले आहेत का, हेही ते पाहतात. तुम्ही सत्तीचा चेहरा डोळ्यांसमोर आणा. दिसली? मग भरा.

ब्लफ कुणावर करायचा? जो आजवर एकदाही फोल्ड झालेला नाही, म्हणजे ज्याने पत्ते टाकलेलेच नाहीत, त्याच्यावर. 2003 सालच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेचा दाखला तोंडपाठ ठेवा. ऑनलाइन सॅटेलाइटमधून (मोठ्या स्पर्धेचं तिकीट जिंकून देणाऱ्या छोट्या स्पर्धेतून) आलेला ख्रिस मनीमेकर नावाचा अकाउंटंट 839 खेळाडूंमध्ये पहिला आला आणि 25 लाख डॉलर घेऊन गेला. शेवटी दोघेच उरलेले असताना त्याने फ्लश (एकाच रंगाचे पाच पत्ते) हुकलेला, सिक्वेन्सही हुकलेला अशा अवस्थेत सॅम फार्हावर ऑल-इन केलं, म्हणजे सगळे चिप्स लावले, आणि नश्श्यांची जोडी घेऊन बसलेल्या फार्हाने पत्ते टाकून दिले. यातलं ऑल-इन तेवढं उचला. फार्हा हा पत्ते टाकून देऊ शकणारा खेळाडू होता, हा तपशील वगळा. तुमच्या टेबलावरचा गडी छक्क्यांची जोडी घेऊन शेवटपर्यंत येतो, आणि ती दाखवून वर हसरी इमोजीही टाकतो.

स्टॅक, म्हणजे तुमच्या चिप्सचा ढीग, आठ बिग ब्लाइंडवर आला की धीर धरा. अशा वेळी बऱ्या पत्त्यांवर थेट ऑल-इन करावं, म्हणजे निदान सगळे फोल्ड होऊन ब्लाइंड पदरात पडण्याची आशा राहते, असा उतावळ्यांचा सल्ला असतो. तुम्ही एक्क्यांची वाट पाहा. ते सरासरी 221 डावांत एकदा येतात. नऊ जणांच्या टेबलावर दोन ब्लाइंड आणि बिग ब्लाइंडएवढा अँटी (आणखी एक सक्तीची भर) धरला तर प्रत्येक फेरीत अडीच बिग ब्लाइंड जातात, म्हणजे तुमच्याकडे तीन फेऱ्या, सत्तावीस डाव आणि वर थोडी चिल्लर. तेही ब्लाइंड मध्येच वाढले नाहीत तर.

खरी शोभा बबलवर, म्हणजे बक्षिसाच्या अगदी उंबरठ्यावर. समजा सॅटेलाइट आहे, तिकिटं 10 आणि उरलेत 11 खेळाडू. सगळ्यात मोठा स्टॅक तुमचा. एका कोपऱ्यात कुणीतरी अर्ध्या बिग ब्लाइंडवर कुंथतोय, पुढच्या डावात त्याला आपोआप सगळं टाकावं लागणार आहे. तेवढ्यात दुसऱ्या क्रमांकाच्या स्टॅकवाल्याने ऑल-इन केलं, आणि तुमच्या हातात एक्क्यांची जोडी. इथे फोल्ड करावं असं म्हणणारे लोक जगात आहेत! त्यांचं म्हणणं, दहाही तिकिटं सारखीच, उरलेल्या चिप्सना नंतर कवडीची किंमत नाही. कॉल करून जिंकलात तरी एकच तिकीट मिळणार, आणि ते तर बसल्याजागी मिळतंच आहे. हरलात (साधारण सातातून एकदा हरालच) तर त्या कोपऱ्यातल्यापेक्षाही केविलवाणे व्हाल. गणित बिनचूक आहे. पण एक्के टाकल्याचं उद्या चारचौघांत सांगणार कसं? कॉल करा. तिकीट काय, पुन्हा कधी मिळेल.

आणि समोरच्याचा फ्लश रिव्हरला लागून तुम्ही बाहेर पडलात, की आधी चॅट उघडा. चार पत्ते हाताशी असलेला फ्लश फ्लॉपनंतर (टेबलावरचे पहिले तीन पत्ते उघडल्यावर) सुमारे 35 टक्के वेळा पुरा होतो, म्हणजे तीनातून एकदा. त्याचा झाला तर साइट लबाड आहे, तुमचा झाला तर वाचन अचूक होतं. हँड हिस्टरी मात्र उघडू नका, तिथे तुमचे चिप्स नेमके कोणत्या चार कॉलमध्ये गेले ते तारीख-वेळेसकट लिहिलेलं असतं. त्याऐवजी ज्याने बाहेर काढलं त्याला खेळातलं काही कळत नाही, हे त्याला दोन परिच्छेदांत समजावून सांगा. त्याने तुम्हाला म्यूट केलेलं असेल, तरी लिहा.