ख्रिसमस ट्रीचा शेंडा खुडू नका हो!

व्हॉट्सॲपवर परत तो मेसेज फिरतोय, की कुंडीतल्या ख्रिसमस ट्रीचा शेंडा कापा म्हणजे झाड डेरेदार होतं आणि कापलेल्या बाजूच्या फांद्या लावून फुकटात नवीन झाडं करा. दोन्ही चूक. आपल्याकडे नर्सरीत ख्रिसमस ट्री म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा अरौकेरिया, मूळ पॅसिफिक महासागरातल्या नॉरफोक बेटावरचं, तिकडे ते 50 मीटरच्या वर जातं. तुळस, मोगरा खुडला की फुटतो ते ठीक, पण याच्या आडव्या फांद्या शेंड्याची जागा घेत नाहीत, आडव्याच राहतात. फार तर खोडातून एकदोन नवे शेंडे निघतात आणि तो सुंदर मजल्यामजल्यांचा आकार कायमचा गेला. बाजूच्या फांदीची कटिंग लावली तर मुळं धरतेही, पण रोप जमिनीलगत आडवंच पसरतं, सरळ झाड हवं तर बी किंवा शेंड्याचीच कटिंग लागते. (माझ्याकडे असं एक लोळणारं रोप आहे, पाहुणे विचारतात हे काय म्हणून.) खालच्या फांद्या सुकतायत ते बहुतेक कमी उजेड नाहीतर पाण्याची हयगय, आणि गळालेली फांदी त्या जागी परत येत नाही.