1991 साली महागाई नव्हती? अहो, तेच तर महागाईचं वर्ष होतं

सध्या नाशिकच्या प्रत्येक ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की 1991 साली सोनं साडेतीन हजार रुपये तोळा होतं, डॉलर 18 रुपये, साखर सहा रुपये किलो, घरोघरी दूरदर्शन, पेपरात चांगल्या बातम्या, आणि खाली ठळक अक्षरात 'तेव्हा महागाई नव्हती, टेन्शन नव्हतं'. आपल्याकडे ते सिंहस्थाचं वर्ष होतं म्हणून आठवणी गोड असतील, मान्य. आकडेही बरेचसे बरोबर आहेत पण त्यावरून काढलेला अर्थ साफ चुकीचा आहे.

सोनं घ्या. तेव्हा देशात माणशी सरासरी उत्पन्न होतं वर्षाला पाच-सहा हजार रुपये. म्हणजे तोळाभर सोन्याला सात-आठ महिन्यांची कमाई जायची. आजही हिशोब फार वेगळा येत नाही, त्यामुळे सोन्याच्या भावावरून काहीच सिद्ध होत नाही. आणि सोन्याचंच सांगायचं तर त्याच जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचं जवळपास 47 टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे गहाण टाकावं लागलं, कारण परदेशातून माल आणायला दोन-तीन आठवडे पुरतील एवढेच डॉलर तिजोरीत उरले होते. हे मेसेजमध्ये का नाही?

डॉलर 18 ला होता, हो, वर्षाच्या सुरुवातीला. 1 आणि 3 जुलैला दोनदा रुपयाचं अवमूल्यन झालं आणि तो 26 च्या घरात गेला.

आता साखर. 24 जुलैच्या बजेटमध्ये मनमोहन सिंगांनी रेशनची साखर 5.25 वरून 6.10 केली, म्हणजे ज्याला स्वस्ताई म्हणून मिरवताय तो दरवाढीनंतरचा भाव आहे आणि तोही रेशनचा. त्याच दिवशी पेट्रोल आणि घरगुती गॅस 20 टक्क्यांनी वाढला. खतं सरासरी 40 टक्क्यांनी महाग केली, शेतकऱ्यांनी ओरड केल्यावर ती वाढ 30 वर आणली, पण निफाड-दिंडोरीच्या द्राक्षवाल्याला विचारा 30 टक्के म्हणजे काय असतं ते. स्वस्त झालं ते रॉकेल, 10 टक्क्यांनी. ऑगस्टमध्ये महागाईचा दर 17 टक्क्यांच्या जवळ पोचला होता! आज सहा-सात टक्के झाला तर आपण हैराण होतो.

आणि भाव कमी असला तरी वस्तू मिळायला तर हवी ना. गॅसचं कनेक्शन पाहिजे तर नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची, फोनचंही तेच, गावाला बोलायचं तर एसटीडी बूथवर जाऊन मीटरकडे बघत बघत बोलायचं. आमच्या आईने कितीतरी वर्षं पिन मारून स्टोव्ह पेटवला, रॉकेलच्या रांगेत कॅन घेऊन उभी राहिली, तिच्या त्या कष्टांवर कोणी 'टेन्शन नव्हतं' असं लिहिलं की मला मनापासून राग येतो. रांगेत बायकाच असायच्या बहुतेक, मेसेज लिहिणाऱ्याने हे बघितलंच नसावं.

घरोघरी दूरदर्शन हे तर अजिबातच नाही. 2001 च्या जनगणनेतसुद्धा टीव्ही होता फक्त 31.6 टक्के घरांत. 1991 ला तर देशातल्या निम्म्याहून जास्त घरांत वीजच नव्हती, 42 टक्क्यांच्या आसपास घरांत विजेचा दिवा होता. मनोरंजन चांगलं होतं हे मात्र खरं, 'माहेरची साडी' त्याच वर्षीची, बायका डोळे पुसत थेटरातून बाहेर यायच्या. स्टार टीव्हीही त्याच वर्षी सुरू झाला.

चांगल्या बातम्या म्हणता? जानेवारीत आखाती युद्ध. 21 मे ला राजीव गांधींची हत्या. जुलैअखेर नागपूर जिल्ह्यात मोवाडला पूर आला आणि दोनशेच्या वर माणसं गेली, आपल्याच राज्यातली. ऑक्टोबरमध्ये उत्तरकाशीचा भूकंप, डिसेंबरमध्ये सोव्हिएत युनियन फुटलं. आणि ज्याची हेडलाइन कधी झाली नाही ते म्हणजे हजारी 80 बाळं वर्षाच्या आत दगावायची.

मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनो, घरात तेव्हा चाळिशीत असलेली कोणी मावशी-काकू असेल तर पाठवायच्या आधी एकदा तिला वाचून दाखवा.