दाढ काढायची म्हणून इकोस्प्रिन बंद करू नका

तालमीच्या, भिशीच्या, ज्येष्ठ नागरिकांच्या, कोल्हापुरातल्या कुठल्याही ग्रुपवर हा मेसेज येऊन गेलाय: ‘रक्त पातळ होण्याची गोळी सुरू असेल तर दाढ काढण्याआधी आठ दिवस बंद करा. नाहीतर रक्त थांबत नाही, जखम भरत नाही. दाढ काढल्यावर लगेच मिठाच्या पाण्याने गुळण्या करा आणि खड्ड्यात हळद दाबा.’ खाली ‘जनहितार्थ’. मग पेशंट खुर्चीत बसताना कौतुकाने सांगतो, “डॉक्टर, आठ दिवस गोळीला हात लावला न्हाई बघा.” पोटात गोळाच येतो.

आठ दिवसांचा आकडा हवेतून आलेला नाही. अ‍ॅस्पिरिनचा (इकोस्प्रिन म्हणजे हीच गोळी) प्लेटलेट्सवरचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशींवरचा परिणाम नव्या प्लेटलेट्स तयार होईपर्यंत, म्हणजे साधारण 7 ते 10 दिवस टिकतो. पूर्वी डॉक्टरही गोळी बंद करायला सांगायचे. पण दाढेचं रक्त डोळ्यांना दिसतं, बोटाने दाबता येतं. हृदयातल्या स्टेंटमध्ये किंवा बदललेल्या झडपेवर गुठळी झाली तर तिथे कोण दाबणार? म्हणून आता एक-दोन साध्या दाढा काढायच्या असतील तर अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल चालूच ठेवतात. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफेरिन किंवा अ‍ॅसिट्रॉमवाल्यांनी शक्यतो आदल्या दिवशीचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) रिपोर्ट आणावा. तो 4 च्या आत असेल तर साधी दाढ गोळी न थांबवता काढता येते. डॅबिगाट्रान, अ‍ॅपिक्साबानसारख्या नव्या गोळ्यांत, काम मोठं असेल तर कधी सकाळचा डोस वगळतात किंवा पुढे ढकलतात. तो निर्णय हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून घ्यायचा, ग्रुप अ‍ॅडमिनशी नव्हे.

रक्त थांबत नाही? थांबतं, वेळ थोडा जास्त लागतो. त्यासाठी आमच्याकडे टाके आहेत, खड्ड्यात ठेवायचा विरघळणारा स्पंज आहे, रक्त थांबवणारं औषध ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड आहे. खरा घोळ घरी होतो. जखमेवर ठेवलेला बोळा अर्धा तास दातांखाली घट्ट दाबून धरायचा असतो. पण दर दोन मिनिटांनी बोळा काढून आरशात बघायचं, बेसिनमध्ये थुंकायचं, परत बघायचं! प्रत्येक वेळी नुकती धरलेली गुठळी हलते. शिवाय चमचाभर रक्त लाळेत मिसळलं की बेसिन लालभडक दिसतं आणि घरचे रिक्षा बोलावतात. पहिला दिवसभर थुंकी गुलाबी दिसणारच.

जखम भरत नाही, हे तर गोळीवर उगाच आळ घेणं झालं. रक्त धरलं की पुढचं सगळ्यांचं जवळपास सारखंच: हिरडी तीन-चार आठवड्यांत मिटते, आतलं हाड भरायला काही महिने जातात. जखम रखडते ती तंबाखू, मशेरी आणि ताब्यात नसलेल्या शुगरमुळे. दोन-तीन दिवसांनी कानापर्यंत ठणका गेला तर खड्ड्यातली गुठळी निघून हाड उघडं पडलेलं असू शकतं. तेव्हा लवंग चघळत बसू नका, परत या.

गुळण्यांचं म्हणाल तर चूक वेळेची आहे. पहिले 24 तास गुळण्या नकोत, कारण गुठळी वाहून जाते. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाचं पाणी खुशाल घ्या. तांबडा रस्साही तेवढा एक दिवस राहू दे. हळद मात्र नकोच. ती खरवडून धुऊन काढायचं काम शेवटी आमच्याच गळ्यात पडतं.

आणि ज्याची खरी भीती, ते त्या मेसेजमध्ये नाहीच. दाढ ठणकते म्हणून मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनने रक्तस्राव वाढतो. मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिकने वॉरफेरिन-अ‍ॅसिट्रॉमवाल्यांचा आयएनआर चढतो. दुखण्याला पॅरासिटामॉल, तेही सांगितलेल्या डोसमध्ये. येताना रोजच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा. ‘ती पिवळी छोटी’ एवढ्यावर आम्हाला काही कळत नाही. वेळ सकाळची घ्या, म्हणजे रक्त आलंच तर दवाखाना उघडा असतो. अर्धा तास घट्ट दाबूनही तोंड रक्ताने भरत असेल तर दाढ काढली तिथे फोन करा, रात्र झाली असेल तर सरळ सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा.