‘लहान पोरालाही कळते’ : कॉलर आणि प्रीलोडविषयीच्या प्रतिक्रियेला उत्तर

गाडीला कॉइलओव्हर सस्पेन्शन (शॉकअपभोवतीच स्प्रिंग असलेले आणि स्प्रिंगखालचे आट्यांवरचे कडे, म्हणजे कॉलर, फिरवून जुळवता येणारे) बसवणे आणि त्याची बारीक जुळवणी करणे, या विषयावरच्या माझ्या लेखावर सिडकोत गॅरेज चालवणाऱ्या एका वाचकांची प्रतिक्रिया आली आहे. तिच्यातील मुख्य वाक्ये अशी : “खालचा कॉलर वर चढवल्याने स्प्रिंग कडक होत नाही, हे तुमचे म्हणणे निव्वळ पुस्तकी आहे. कॉलर चार आटे वर घेतला की गाडी दगडासारखी लागते, हे लहान पोरालाही कळते. घरी बसून लेख लिहिणाऱ्यांनी आधी हाताला ग्रीस लावून पाहावे.” याखेरीज नाशिकच्या रस्त्यांवर कॉइलओव्हर म्हणजे पैशाचा चुराडा आहे, शॉकअपच्या नॉबचे क्लिक मोजत बसणे हा रिकामपणाचा उद्योग आहे, लेखात टॉर्कचे आकडे नाहीत आणि आट्यांवर बसणाऱ्या चिखलाबद्दल मी चकार शब्द काढलेला नाही, असेही त्यांचे आक्षेप आहेत.

महोदय, आधी आपल्या भाषेविषयी बोलू द्या. माझे म्हणणे चूक असेल तर ते कुठे चुकते हे दाखवणारे एखादे माप आपण दिले असते, तर मी ते आपले आभार मानून लेखात घेतले असते. आपल्या एवढ्या मोठ्या प्रतिक्रियेत एकही माप नाही. तिच्यात ‘दगडासारखी’ हे एक विशेषण आहे, एका काल्पनिक लहान पोराची साक्ष आहे आणि माझ्या हातांविषयी एक अनुमान आहे. ज्यांनी मला कधी पाहिलेले नाही त्यांनी माझ्या हाताला ग्रीस लागले आहे की नाही याचा निवाडा परस्पर करून टाकावा, हे मला मुळीच रुचलेले नाही, आणि ते न रुचल्याचे सांगण्यात मला संकोचही वाटत नाही.

विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. माझे वडील सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. मी स्वतः सातपूरच्याच आयटीआयमधून फिटर झालो, तेव्हा सुरुवातीचे कित्येक आठवडे लोखंडाच्या ठोकळ्यावर कानस चालवण्यात आणि त्याची बाजू काटकोनात येते का हे गुण्याने तपासण्यात गेले. त्यानंतर उमेदीची वर्षे एमआयडीसीत व्हर्नियर आणि मायक्रोमीटर हातात धरून काढली. नाशिकला मोटार रॅलीचा नाद जुना आहे, आणि त्या दिवसांत मित्रांच्या गाड्यांखाली पाठीवर झोपून काम करताना मी जे शिकलो ते कोणत्याही पुस्तकात वाचलेले नव्हते. तिथे एक गोष्ट पक्की कळली : चालवणाऱ्याला गाडी ‘कडक लागते’ ही तक्रार असते, ते निदान नव्हे. तक्रारीचे कारण शोधायचे असते, आणि ते शोधण्यासाठी टेप लागतो.

आता आपल्या त्या एका वाक्याकडे येतो, कारण सगळा गोंधळ तिथेच आहे.

स्प्रिंग किती कडक आहे हे तिच्या तारेची जाडी, वेढ्याचा व्यास, चालू वेढ्यांची संख्या आणि पोलादाचा गुणधर्म यांवर ठरते. त्यातही जाडीचा परिणाम चौथ्या घाताने होतो, म्हणून तार किंचित जाड झाली तरी स्प्रिंग पुष्कळ कडक होते. कॉलर फिरवल्याने यांपैकी काय बदलते? काहीही बदलत नाही. समजा, पुढच्या एका चाकावरच्या स्प्रिंगवर 300 किलो भार आहे आणि स्प्रिंग 5 किलो प्रति मिलिमीटरची आहे. गाडी जॅकवरून खाली उतरली की ती स्प्रिंग 60 मिलिमीटर दबते आणि तिथे थांबते. आता कॉलर वर घेऊन आपण स्प्रिंग आधीच 10 मिलिमीटर दाबून ठेवली, म्हणजे 50 किलोचा प्रीलोड दिला. गाडी खाली उतरवली, तरी भार 300 किलोच आहे, म्हणून स्प्रिंग एकूण 60 मिलिमीटरच दबणार. त्यातले 10 मिलिमीटर कॉलरने आधीच दाबलेले असल्यामुळे शॉकअपचा दांडा फक्त 50 मिलिमीटर आत जातो आणि गाडी तेवढी उंच उभी राहते. इथून पुढे चाक 1 मिलिमीटर वर ढकलायला आधीही 5 किलो लागत होते आणि आताही 5 किलोच लागतात. भाजीवाल्याच्या स्प्रिंगकाट्याचा शून्याचा स्क्रू फिरवला तर काटा सरकतो, पण एक किलो कांद्याने तो पूर्वीइतकाच हलतो. हे तसेच आहे.

प्रोग्रेसिव्ह स्प्रिंगचे काय, असा प्रश्न आपण पुढच्या प्रतिक्रियेत विचाराल, म्हणून तेही आत्ताच लिहितो. जिचे जवळजवळचे वेढे आधी मिटतात अशा स्प्रिंगचा कडकपणा ती एकूण किती दबली आहे यावर ठरतो. उभ्या गाडीचा भार तोच असल्याने एकूण दाब तोच राहतो, आणि म्हणून उभ्या जागी कडकपणाही तोच राहतो.

मग कॉलर वर घेतल्यावर गाडी आपटते, हे आपले निरीक्षण खोटे आहे का? मी तसे म्हटलेले नाही आणि लेखातही तसे लिहिलेले नाही. आपण तो परिच्छेद शेवटपर्यंत वाचला असता तर हे उत्तर लिहिण्याची वेळ आली नसती. गाडी आपटते ती स्प्रिंग कडक झाली म्हणून नव्हे, तर शॉकअपचा खाली जाण्याचा प्रवास संपतो म्हणून. वरच्याच उदाहरणात शॉकअपचा एकूण प्रवास 120 मिलिमीटर धरा. प्रीलोड नसताना गाडी बरोबर मध्यावर उभी असते, म्हणजे चाकाला 60 मिलिमीटर वर आणि 60 मिलिमीटर खाली जागा असते. प्रीलोड 40 मिलिमीटर केला की वर 100 आणि खाली फक्त 20 उरतात. आता त्र्यंबक रोडवरच्या एखाद्या खड्ड्यावर चाक आले की ते 20 मिलिमीटर खाली जाते, दांडा वरच्या टोकाला ठाणकन लागतो आणि चाक लोंबकळत राहते, आणि पुढच्या कडेवर ते आदळले की तो दणका थेट बॉडीत येतो. प्रीलोड त्याहून वाढवून 70 मिलिमीटर केला, तर स्प्रिंगमध्ये 350 किलोचा ताण भरलेला आणि वर भार मात्र 300 किलोचा, अशी स्थिती होते. तेव्हा जादा 50 किलोचा धक्का बसेपर्यंत स्प्रिंग जागची हलतच नाही आणि तेवढ्यापुरती गाडी खरोखर ठोकळ्यावर उभी केल्यासारखी वागते. दोन्ही वेळी स्प्रिंग 5 किलोचीच असते.

हे कागदावरचे गणित आहे असे आपण म्हणाल, म्हणून हातातले उदाहरण देतो. माझ्या एका मित्राने आपली हॅचबॅक एका गॅरेजमधून कॉइलओव्हर बसवून आणली होती. गॅरेजचे नाव लिहिण्याची गरज नाही. स्पीडब्रेकर उतरताना पुढून ‘ठक्’ असा आवाज येई आणि कसारा घाटातल्या वळणावर रस्त्याला जोड आला की गाडीचे तोंड बाजूला उडी मारी. गॅरेजवाल्याने त्याला सांगितले होते की स्पोर्ट्स किट आहे, असेच लागणार. मी गाडी सपाट जागेवर उभी केली आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने घेतले. नंतर जॅकने गाडी उचलून चाक लोंबू दिले आणि तेच अंतर पुन्हा घेतले. दोन मापांतला फरक म्हणजे चाकाला खाली जायला मिळणारी जागा, आणि ती जेमतेम दोन बोटांएवढीसुद्धा नव्हती. मग शॉकअपचा रबरी बूट वर सरकवून दांड्यावर एक बारीक प्लॅस्टिकचा टाय आवळला (शॉकअप किती दबला ते तो सरकून दाखवतो) आणि गंगापूर रोडने धरणापर्यंत जाऊन आलो. परत आल्यावर पाहिले तर टाय बंपस्टॉपच्या, म्हणजे प्रवासाच्या टोकाच्या रबरी थांब्याच्या, जवळपासही गेलेला नव्हता. वरची अर्धी जागा वापरलीच जात नव्हती आणि खालची संपत होती. डाव्या आणि उजव्या कॉलरची उंचीही सारखी नव्हती. एका कोपऱ्याचा कॉलर वर घेतला की त्या चाकावरचा आणि तिरक्या समोरच्या चाकावरचा भार वाढतो, हे ज्याने बसवले त्याच्या गावीही नसावे.

त्या किटला उंचीसाठी खालचा ब्रॅकेट वेगळा फिरतो अशी सोय होती. कॉलर इतका खाली आणला की लोंबत्या चाकावर स्प्रिंग हाताने हलू नये, पण दबलेलीही नसावी, आणि हवी ती उंची ब्रॅकेट फिरवून साधली. ब्रॅकेटमध्ये पुरेसे आटे शिल्लक राहतील हे पाहिले, लॉकरिंग सी-पान्याने आवळली. स्प्रिंग तीच, शॉकअप तोच, रस्ताही तोच, आणि तो ‘ठक्’ गेला.

इथे आणखी एक गोष्ट, जी आपल्यासारख्या रोज गाड्या करणाऱ्यांनी ऐकून घ्यावी अशी माझी इच्छा आहे. गाडी जॅकवर लोंबत असतानाच लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) बोल्ट पक्के आवळायचे, ही सवय मी अनेक गॅरेजमध्ये पाहिली आहे. बुशचे, म्हणजे त्या आर्मच्या सांध्यातले, रबर त्याच लोंबत्या कोनात पकडले जाते, गाडी खाली उतरली की ते पिळते आणि कायम पिळलेलेच राहते. त्यामुळे गाडी ताठ लागते, उंचीचे माप खोटे येते आणि बुश लवकर फाटतात. बोल्ट हलके लावावेत, चाकांवर भार घ्यावा, गाडी पुढे-मागे ढकलून बसू द्यावी आणि मग आवळावेत, हे मी लेखात लिहिले होते. आपण त्यावर एक शब्दही बोलला नाहीत. ‘कॉलर फिरवला आणि गाडी कडक झाली’ असे आपल्याला ज्या गाड्यांत जाणवले, त्यांत या पिळलेल्या बुशचा वाटा किती होता हे आपण कधी तपासले आहे का?

आपला एक मुद्दा मला मान्य आहे. आट्यांवर चिखल आणि बारीक रेती बसते, ती पावसाळ्यानंतर सुकून घट्ट होते आणि मग कॉलर सोडवताना सी-पान्याने त्याची खाच उडते. इगतपुरी आणि त्र्यंबकच्या बाजूला सतत जाणाऱ्या गाड्यांत हे अधिक होते. आटे नायलॉनच्या ब्रशने धुऊन, वाळवून मगच कॉलर फिरवावा आणि वर कापडी आवरण घालावे, ही भर मी लेखात घालतो आहे. ही सूचना आपली आहे, आणि ती साध्या शब्दांत आली असती तर मला अधिक आनंद झाला असता.

बाकीच्या आक्षेपांवर फार लिहिण्यासारखे नाही. रस्ते खराब आहेत म्हणून सस्पेन्शनची जुळवणी करू नये, हा तर्क मला समजत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1988 च्या मानकात सर्वसाधारण वाहतुकीसाठीचा स्पीडब्रेकर 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच सांगितलेला होता. आपल्या कॉलन्यांतले उंचवटे त्याच्या निम्म्याही रुंदीचे नसतात, आणि म्हणूनच गाडी किती खाली घ्यावी याविषयी मी इतके सावध लिहिले आहे. पैसा ज्याचा त्याने ठरवावा.

क्लिक मोजणे रिकामपणाचे असेल, तर डावीकडे आठ आणि उजवीकडे अकरा क्लिक ठेवून गाडी गिऱ्हाइकाच्या हाती देणे हे कामसूपणाचे कसे, ते आपणच सांगावे. नॉब पूर्ण आवळून, पण टोकाला जोर न लावता, तिथून उलटे मोजायचे आणि एका वेळी एकाच टोकाचे, पुढचे किंवा मागचे, दोन क्लिक बदलून त्याच रस्त्यावर पुन्हा जायचे, एवढेच ते काम आहे. स्प्रिंग भार पेलते आणि शॉकअप तिच्या हालचालीचा वेग आवरतो. ज्याला हा फरक मान्य नाही तो कॉलर फिरवून क्लिकचे काम करू पाहतो आणि क्लिक फिरवून उंचीचे.

राहिले टॉर्कचे आकडे. ते मी विचारपूर्वक दिलेले नाहीत. नकलचे (शॉकअप जिथे चाकाच्या भागाला जोडतो तिथले) बोल्ट, वरच्या माउंटिंगचा नट आणि लिंक रॉडचा नट यांचे आकडे गाडीगणिक आणि किटगणिक वेगळे असतात. एका गाडीचा आकडा वाचून कोणी तो दुसऱ्या गाडीवर लावला तर बोल्ट ताणला जाईल किंवा सैल राहील, आणि चाक धरून ठेवणाऱ्या बोल्टच्या बाबतीत मला ती जबाबदारी घ्यायची नाही. आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून आणि किटच्या कागदातून घ्यावा, टॉर्क पाना वापरावा, आणि वरचा नट इम्पॅक्ट गनने न फिरवता दांडा ॲलन कीने धरून हाताने आवळावा. उंची बदलली की टो आणि कॅम्बर हे चाकांचे दोन्ही कोन सरकतात, म्हणून अलाइनमेंट त्यानंतरच करावी, आधी करून उपयोग नाही. आपल्या गॅरेजमध्ये सध्या अशी ‘दगडासारखी’ गाडी उभी असेल तर तिची मी वर सांगितलेली दोन मापे घ्या, एक चाक जमिनीवर असताना आणि एक लोंबत असताना, आणि ती इथे लिहा. त्या आकड्यांवर मी आपल्याशी हवे तितके बोलायला तयार आहे.