‘मोनेरो वापरलं की विषय संपला’ या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया मनापासून लिहिलेली आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचे आक्षेप तीन. व्यवहार झाकणाऱ्या खासगी क्रिप्टो नाण्यांच्या मर्यादा सांगताना मागच्या लेखात मी मोनेरो आणि झीकॅश एकाच पारड्यात तोलले. मोनेरोचं गणित आजवर कुणी फोडलेलं नाही, तेव्हा ‘मर्यादा’ हा शब्दच चुकीचा. आणि असं लिहून मी नागपुरातल्या नव्या लोकांना उगाच घाबरवतो. शेवटी तुम्ही एक प्रश्नही विचारला आहे: नवा फोन घेतोय, सीड (वॉलेट परत मिळवायचे गुप्त शब्द) टाकून वॉलेट आणलं की पुरे ना?

पहिला आक्षेप मान्य. झीकॅश ऑक्टोबर २०१६ मध्ये सुरू झालं आणि त्यात पत्ते दोन जातींचे आहेत, बिटकॉइनसारखे उघडे आणि झाकलेले. उघड्या पत्त्यावरून ७.३१८४ नाणी आत टाकली आणि अर्ध्या तासाने तेवढीच, फी वजा जाता, दुसऱ्या उघड्या पत्त्यावर बाहेर काढली, तर ती जोडी लावायला गणित लागत नाही, नजर पुरते. मोनेरोमध्ये झाकणं ही निवड नाही, तो नियमच आहे. लेखातला तो परिच्छेद बदलतो.

दुसऱ्या आक्षेपावर मात्र थांबायला हवं. गणित नेमकं कशाची हमी देतं? आउटपुट म्हणजे आधी मिळालेल्या नाण्यांचा एकेक तुकडा, आणि तो खर्चायला घेतला की इनपुट. खरा तुकडा ज्या घोळक्यात लपतो ती रिंग. ऑगस्ट २०२२ पासून मोनेरोच्या प्रत्येक इनपुटची रिंग १६ ची असते, त्यात एक खरं आउटपुट आणि १५ फसवी. घेणाऱ्यासाठी दर वेळी नवा एकवापरी पत्ता बनतो आणि रक्कम झाकलेली असते. म्हणजे साखळीकडे (ब्लॉकचेनकडे) बाहेरून बघणाऱ्या तिऱ्हाइताला फारसं काही कळत नाही. पण ज्या एक्स्चेंजने, म्हणजे नाणी विकणाऱ्या कंपनीने, तुमचं पॅन, आधार आणि सेल्फी घेऊन तुम्हाला नाणी दिली, ते तिऱ्हाईत नाही.

समजा त्या एक्स्चेंजमधून तुम्ही महिन्याभरात पाच वेळा नाणी काढली. ती पाच आउटपुटं तुमची आहेत हे त्यांना माहीत आहे. मग ती पाचही एकत्र करून तुम्ही एकच मोठी रक्कम कुणाला तरी पाठवली. त्या व्यवहारात पाच रिंगा दिसतात आणि प्रत्येकीत त्यांच्या ओळखीचं एक आउटपुट बसलेलं असतं. एखादं आउटपुट दुसऱ्या कुणाच्या रिंगेत फसवं म्हणून येणं रोजचंच आहे, पण एकाच व्यवहाराच्या पाचही रिंगांत असा योगायोग जवळजवळ घडत नाही. पैसे घेणारा त्याच एक्स्चेंजचा ग्राहक निघाला तर दोन्ही टोकं एकाच्याच हातात आली. रिंग कुणी फोडली नाही, तरी तुम्ही सापडलात.

यावर उपाय आहे, पण तो आपोआप होत नाही. फेदर या मोनेरोच्या वॉलेटमध्ये ‘कॉइन्स’ टॅबवर कोणतं आउटपुट खर्च करायचं ते स्वतः निवडता येतं. ते निवडा, नाहीतर वॉलेट आपल्या सोयीने एकत्र करतं. स्वतःलाच एकदा पाठवून मग खर्च करायचा सल्ला बरेच जण देतात. तो एकेका आउटपुटसाठी, वेगवेगळ्या वेळी केला तर उपयोगी आहे. पाचही एकदम गोळा करून स्वतःला पाठवली तर खूण फक्त एक पायरी पुढे सरकते. वेळेचंही तसंच. आलेली नाणी १० ब्लॉक, म्हणजे साधारण २० मिनिटं, अडकून राहतात. सुटली की लगेच तेवढ्याच किमतीचं बिटकॉइन घेणाऱ्याची जोडी घड्याळ बघूनही लागते.

‘आजवर कुणी पकडलं गेलं नाही’ असं तुम्ही लिहिलंय, ते बरोबर नाही. २०२० मध्ये फिनलंडच्या वास्तामो या मानसोपचार केंद्रांच्या चोरलेल्या नोंदींच्या जोरावर रुग्णांकडे खंडणी मागितली गेली. पैसे मोनेरोत बदलल्यानंतरही माग आरोपीपर्यंत लागला, असं पोलिसांनी खटल्यात सांगितलं. पद्धत मात्र गुप्त ठेवली. आणि त्याच चोराने नोंदींसोबत स्वतःच्या मशीनचं होम फोल्डर चुकून नेटवर टाकलं होतं. एप्रिल २०२४ मध्ये त्याला ६ वर्षं ३ महिन्यांची शिक्षा झाली. त्याला शिक्षा झाली ते चांगलंच झालं. पण पैशाच्या दोन टोकांवर आणि माणसाच्या हातून होणाऱ्या चुकीवर रिंगेचा काही इलाज नाही, हे त्यातून दिसतं.

आता नोडबद्दल, म्हणजे साखळीची प्रत ठेवणाऱ्या ज्या मशीनला वॉलेट जोडलं जातं त्याबद्दल. दुसऱ्याच्या नोडला जोडलेलं वॉलेट तुमची शिल्लक किंवा किल्ल्या सांगत नाही. पण तुमचा आयपी, जोडणीची वेळ आणि तुम्ही कोणता व्यवहार पाठवला हे त्या नोडला दिसतं. काही हलकी वॉलेटं तर व्ह्यू-की, म्हणजे आलेले पैसे बघायची किल्लीच, सर्व्हरला देतात, मग आत आलेला प्रत्येक पैसा तिथे उघडा. स्वतःचा नोड चालवायचा तर प्रून केलेली (छाटून लहान केलेली) साखळी २५६ जीबीच्या एसएसडीवर बसते. जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर पहिलं सिंक रेंगाळत राहतं. आपल्याकडे दोन गोष्टी वाढीव. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, बंद कपाटात मशीन ठेवू नका. आणि सिंक चालू असताना लाइट गेली तर डेटाबेस खराब होऊ शकतो. घरचा इन्व्हर्टर सुरू होताना डेस्कटॉप बऱ्याचदा रीस्टार्ट होतोच, म्हणून छोटा यूपीएस लावा. आयपी लपवायला टॉर वापरताना पोर्ट क्रमांक तपासा: टॉर सेवा ९०५० वर असते, टॉर ब्राउझर ९१५० वर. चुकीचा टाकला की वॉलेट जोडलंच जात नाही, आणि माणूस वैतागून प्रॉक्सी, म्हणजे टॉरचा आडोसाच, बंद करून टाकतो.

आता तिसरा आक्षेप, घाबरवण्याचा. इतवारीतल्या व्यापाऱ्याला आपला माल कुठून येतो, किती भावाने येतो हे शेजारच्या दुकानदाराला कळू नये असं वाटणं रास्त आहे, आणि त्यासाठी खासगी नाणं वापरणं मला अजिबात गैर वाटत नाही. पण नव्या माणसाला खरा फटका साखळीवर बसत नाही, रुपयांत बसतो. टेलिग्रामवरच्या अनोळखी माणसाला नाणी विकून यूपीआयने पैसे घेतले. ते पैसे कुणाला तरी फसवून आणलेले निघाले. फसलेल्याने १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली की पोलीस आणि बँका खात्यामागून खातं धरत येतात, आणि तुमच्या खात्यात तेवढी रक्कम अडकते किंवा अख्खं खातंच गोठतं. तक्रार परराज्यातल्या ठाण्यात असते, धरमपेठच्या शाखेतला अधिकारी फार काही करू शकत नाही. तिथे तुम्हाला दाखवावं लागतं की पैसे कशाबद्दल आले. बिटकॉइन असतं तर एक्स्प्लोररची, म्हणजे व्यवहार उघड दाखवणाऱ्या साइटची, लिंक दिली असती. इथे झाकलेपण तुमच्यावरच उलटतं.

त्यासाठी मोनेरोमध्ये व्यवहार-की असते. व्यवहार क्रमांक, ती की आणि घेणाऱ्याचा पत्ता हे तिन्ही दिलं की अमुक पत्त्यावर अमुक रक्कम गेली हे कुणालाही तपासता येतं. अधिकृत वॉलेटात ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ मध्ये ‘प्रूव्ह/चेक’ आहे. विक्रीच्या दिवशीच ती नोंद, चॅट आणि यूपीआयचा संदर्भ क्रमांक एकत्र ठेवा. ही नोंद करासाठीही लागते: एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के, जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस, आणि मार्च २०२३ पासून एक्स्चेंज मनी लाँडरिंग कायद्याखाली आल्यामुळे त्यांच्याकडे तुमचं सगळं रेकॉर्ड असतंच.

जिवाच्या सुरक्षेचं थोडक्यात. २०२० मध्ये हार्डवेअर वॉलेट (किल्ल्या साठवणारं छोटं यंत्र) विकणाऱ्या लेजर कंपनीच्या सुमारे २,७२,००० ग्राहकांची नावं, घरचे पत्ते आणि फोन नंबर नेटवर आले. जानेवारी २०२५ मध्ये त्याच कंपनीच्या सहसंस्थापकाचं फ्रान्समध्ये अपहरण झालं आणि त्याचं बोट कापलं गेलं. तेव्हा हार्डवेअर वॉलेट घरच्या पत्त्यावर मागवू नका, आणि फुटाळा तलावावर मित्रांत बसून आपल्याकडे किती आहे ते सांगू नका. वॉलेट डाउनलोड केल्यावर हॅश (फाइलवरून निघणारी खूण) जुळवा: नोव्हेंबर २०१९ मध्ये मोनेरोच्या अधिकृत साइटवरच सीड चोरणारी फाइल ठेवली गेली होती, आणि ती उघडकीला आली ती हॅश जुळवणाऱ्या वापरकर्त्यामुळे.

आता तुमचा फोनचा प्रश्न. सीडच्या शब्दांनी शिल्लक परत येते, व्यवहार-की येत नाहीत; त्या फक्त जुन्या वॉलेट फाइलमध्ये असतात. तुम्ही आधी काही विकलं असेल तर पुरावाही जुन्या फोनबरोबरच जाईल. म्हणून आधी जुन्या फोनवरून प्रत्येक विक्रीची की उतरवून घ्या, वॉलेटचा एन्क्रिप्टेड बॅकअप काढा. नव्या फोनवर रिस्टोर हाइट (साखळी कुठून तपासायला लागायचं ते) विचारली तर तुमचे पहिले पैसे आले त्याच्या थोडी आधीची तारीख टाका. नंतरची टाकली तर जुनी रक्कम दिसणारच नाही आणि पैसे गेले असं वाटून जीव टांगणीला लागेल. शब्दांचा फोटो काढू नका, तो आपोआप क्लाउडवर चढतो. शिल्लक जुळली, की मग जुना फोन रीसेट करा.