साहेब सुट्टीवर गेल्यावर

आठवड्याला ७० तास काम करा, असं नारायण मूर्ती २०२३मध्ये म्हणाले. २०२५च्या जानेवारीत एल अँड टीच्या अध्यक्षांनी तो आकडा ९०वर नेला. जर्मनीत बसून हा वाद वाचताना वाटतं, तास मोजताच आहात तर त्यातले किती 'साहेबांना विचारून सांगतो' यात गेले तेही मोजा.

इथे पाच दिवसांच्या आठवड्याला किमान २० दिवस पगारी रजा कायद्यानेच मिळते आणि त्यातले दोन आठवडे सलग मिळावेत, असंही कायदा म्हणतो. त्यामुळे साहेब वर्षातून एकदा पंधरवडाभर नसणार, हे धरूनच कामं वाटावी लागतात. कुणाच्या सहीला किती वजन, तेही उघड असतं. 'इम आउफट्राग' म्हणजे नेमून दिलेल्या कामापुरती सही, 'इन फोलमाख्ट' म्हणजे त्याहून मोठा अधिकार. सगळ्यांत वर 'प्रोकुरा', म्हणजे कंपनीच्या वतीने जवळपास सगळे व्यवहार करण्याचा अधिकार. त्याची नोंद सरकारी व्यापार-नोंदवहीत होते आणि कंपनीने आतल्या आत घातलेली मर्यादा बाहेरच्या माणसाला लागू होत नाही. सही झाली की कंपनी बांधली गेली. विश्वास टाकायचा तर असा, अंगाशी येऊ शकेल इतका.

सहकाऱ्यावर काम सोपवतानाही हेच. समजा, एक पुरवठादार सुटे भाग तीन आठवडे उशिरा देणार आहे. 'जरा बघून घ्या' म्हटलं की माणूस दर तासाला विचारायला येणार. त्याऐवजी अर्ध्या पानावर लिहून द्यावं: भाग कशासाठी हवेत, विमानाने मागवायला ५,००० युरोपर्यंत विचारायची गरज नाही, चाचणी गाळायची नाही, तारीख आठवड्याहून जास्त सरकली तर फोन करा. खाली एक ओळ: आधी सुरक्षितता, मग तारीख, मग खर्च. हा क्रमच खरा कामाचा. 'ग्राहक सर्वप्रथम' भिंतीवर शोभून दिसतं, पण पैसे वाचवू की तारीख पाळू, हे त्यातून कळत नाही.

नवख्याला ५०० युरोपासून सुरुवात करून द्यावी, तीन-चार निर्णय मागाहून पाहावेत, मग मर्यादा वाढवावी. मर्यादेत राहून घेतलेला निर्णय फसला, तर मर्यादा किंवा क्रम दुरुस्त करावा. भर मीटिंगमध्ये झापलंत, तर पुढच्या आठवड्यात ४० युरोंसाठीही ई-मेल येईल, तोही सगळ्यांना सीसी करून.

जर्मनांचं सगळंच गोड नाही. 'हे माझ्या अखत्यारीत नाही' म्हणून हात झटकणारे इथे पायलीला पन्नास, आणि ऑगस्टमध्ये बदली माणूसही रजेवर असतो. असल्या अडचणीतून पुण्यातला टीम लीड चार फोन फिरवून संध्याकाळपर्यंत वाट काढतो.

पण गंमत पाहा. आपल्या माणसाला ५,००० युरोंची मुभा देणारा इथला विभाग त्याच प्रकल्पातल्या पुण्याच्या लीडला कित्येकदा एक युरोचीही देत नाही. आणि मग त्याच विभागाच्या कॉफी मशीनपाशी ऐकू येतं, भारतीय प्रत्येक गोष्ट विचारत बसतात.