मुंबईची लोकसंख्या फक्त वाढतच आली, हे खरे नाही

मुंबईच्या लोकसंख्येचा विषय निघाला की 'लोंढे येतात आणि शहर फुगत जाते' हे एकच वाक्य वर्षानुवर्षे ऐकू येते. जुन्या जनगणनांचे आकडे एकापुढे एक मांडून पाहिल्यावर हे वाक्य मला अपुरे आणि अन्यायकारक वाटू लागले आहे. हे शहर अनेकदा भरले, तसेच अनेकदा रिकामेही झाले, आणि तो दुसरा अर्धा इतिहास आपण सांगतच नाही.

१८६४ मध्ये मुंबईत ८,१६,५६२ माणसे मोजली गेली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेनासा झाला होता, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि समुद्रात भराव घालणाऱ्या कंपन्यांचे समभाग चढत्या किमतीला विकले जात होते. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि बँका बुडाल्या. १८७२ च्या जनगणनेत तीच संख्या ६,४४,४०५ भरली. कामाच्या आशेने आलेली माणसे काम संपताच निघून गेली, एवढाच त्याचा सरळ अर्थ आहे.

दुसरी घट अधिक भीषण होती. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि पुढील काही महिन्यांत लाखो लोकांनी आगगाडीने, गलबताने, पायी, जमेल तसे शहर सोडले. १८९१ ची ८,२१,७६४ ही संख्या १९०१ मध्ये ७,७६,००६ वर आली. पण १९०६ च्या मोजणीत ती ९,७७,८२२ झाली होती. प्लेग तेव्हाही पुरता गेला नव्हता, तरी माणसे परतली, कारण गिरण्यांचे भोंगे सुरू होते आणि गावाकडच्या तुटपुंज्या जमिनीवर घर चालत नव्हते.

या येण्याजाण्याचे खरे स्वरूप मला एका आकड्यात दिसते. १९२१ मध्ये मुंबईत राहणाऱ्यांपैकी मुंबईतच जन्मलेले जेमतेम सोळा टक्के होते आणि पुरुषांची संख्या स्त्रियांच्या जवळजवळ दुप्पट होती. बाहेरून आलेल्यांत रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा सर्वांत मोठा होता. एका गावच्या मंडळींनी मिळून घेतलेली खोली, पाळीपाळीने अंथरायची वळकटी, खानावळीतले जेवण आणि महिन्याच्या महिन्याला गावी जाणारी मनिऑर्डर असा तो संसार होता. लोकसंख्या मुंबईत मोजली गेली, पण कुटुंबे कोकणात होती. म्हणूनच संकट येताच शहर इतक्या लवकर रिकामे होऊ शकत असे. त्या माणसांना 'लोंढा' म्हणताना आपण आपल्याच पणजोबांविषयी बोलत असतो, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

फाळणीनंतरची वाढ सर्वज्ञात आहे. १९५० आणि १९५७ मध्ये उपनगरे महापालिकेच्या हद्दीत आली आणि आकडा एकदम मोठा दिसू लागला, हे मात्र तुलना करताना विसरले जाते.

माझा खरा मुद्दा पुढचा आहे. २०११ मध्ये बृहन्मुंबईची लोकसंख्या १,२४,४२,३७३ होती, पण त्यातील मूळ शहर, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचा भाग, २००१ च्या ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११ वर आला होता. दहा वर्षांत अडीच लाख माणसे कमी झाली, तीही युद्ध किंवा साथ नसताना. याच दशकात ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, त्यांच्या जागेवर कार्यालये, मॉल आणि मनोरे आले, आणि लालबाग-परळमधील कुटुंबे डोंबिवली, बदलापूर, विरारकडे सरकली. ज्यांच्या श्रमावर हे शहर उभे राहिले, त्यांच्या मुलांना तिथे घर परवडत नाही, ही गोष्ट मला लोंढ्यांपेक्षा कितीतरी गंभीर वाटते. तरीही चर्चा 'मुंबई भरली' एवढ्यावरच अडते. कोणता भाग भरला, कोणता रिकामा झाला आणि कोणासाठी, हे विचारलेच जात नाही.

२०२१ ची जनगणना झाली नाही. २०२० च्या उन्हाळ्यात टाळेबंदीत ज्यांनी डोक्यावर बोचकी घेऊन नाशिक आणि गोव्याचे महामार्ग पायी तुडवले, त्यांची कोणत्याही जनगणनेत नोंद नाही. १८९७ मध्ये पळालेल्यांचा माग आपल्याला १९०१ च्या आकड्यांतून निदान काढता तरी येतो. २०११ च्या जनगणनेतील स्थलांतराचे सविस्तर तक्ते प्रसिद्ध व्हायला २०१९ उजाडले होते. आगामी जनगणनेत जन्मस्थान आणि आधीचे राहण्याचे ठिकाण यांची माहिती प्रभागनिहाय, आणि वर्ष-दोन वर्षांच्या आत प्रसिद्ध व्हावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे; पाणी, शाळा आणि लोकलच्या फेऱ्या अजूनही २०११ च्या माणसांना धरून आखल्या जात असतील, तर त्यातली कितीतरी माणसे आता त्या पत्त्यावर राहतच नाहीत.